काचेवरची रेघ

माय,

तुझ्या नातीचे लग्न गेल्या आठवड्यात पार पडले. तिला तू पाहिलेले नाहीस. तिच्या आईलाही तू जेमतेम बोलू लागेपर्यंतच पाहिलेस. मांडव उतरला, उसने आणलेले पितळेचे हंडे ज्याच्या त्याच्या घरी परत गेले, आणि आज कारखान्याचा भोंगा वाजणार नाही म्हणून मी सकाळपासून टेबलाशी बसलो आहे. मी शेगावात कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेब तपासतो, हे तुला सांगायचे राहूनच गेले, माझी बी. कॉम.ची परीक्षा व्हायच्या आधीच तू गेलीस. तुला अक्षरओळख नव्हती, आणि असती तरी हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचे हा प्रश्न उरलाच असता. तरीही लिहितो आहे, कारण तू मला एकदा एक साधा प्रश्न विचारला होतास आणि मी नुसता हसलो होतो. दिवाळीच्या अवसेला, आपल्या मळ्यात, तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवलेल्या कॅमेऱ्याकडे हनुवटी करून तू म्हणालीस, "एवढ्या अंधारात ह्या डब्ब्याले दिसते तरी काय रे?" त्या वेळी मी वीस वर्षांचा होतो, मुंबईला शिकत होतो, आणि आईला समजावून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही असे मला वाटत होते. प्रत्यक्षात ती तुलाच सर्वांत लवकर समजली असती. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी अनेकांना समजावली, आणि दर वेळी उदाहरण तुझ्याच कामातले दिले आहे.

वांग्याच्या वाफ्याला पाणी देताना तू दारे धरायचीस ते मला नीट आठवते. पाटाचे तोंड फावड्याने रुंद केले तर वाफा लवकर भरतो, पण कडेची माती वाहून जाते. अरुंद ठेवले तर वेळ लागतो, पण पाणी सावकाश मुरते आणि मुळापर्यंत जाते. दोन्हींत वाफा तेवढाच भरतो. फक्त किती रुंद आणि किती वेळ, एवढेच ठरवायचे असते, आणि ते तू ढगाकडे आणि मोटेच्या बैलांच्या दमाकडे पाहून ठरवायचीस. कॅमेऱ्याचेही इतकेच आहे, माय. भिंगामागे एक छिद्र असते, ते पाटाचे तोंड. आत काच असते, तिच्यावर रसायनाचा लेप, तो वाफा. दिवसा उजेडाचा पाट तुडुंब वाहतो, म्हणून तोंड क्षणभर उघडले तरी पुरते. रात्री उजेड ठिबकतो. तेव्हा भिंगाचे झाकण काढून ठेवायचे आणि काच भरेपर्यंत थांबायचे. छिद्र मोठे केले तर थांबणे कमी होते हे खरे, पण मग जवळची विहीर स्पष्ट येते आणि मागचे घर धुरकटते, दिव्यांभोवती पसरट डाग उठतात. म्हणून रात्री छिद्र लहानच ठेवावे आणि धीर मोठा ठेवावा. आपल्या डोळ्याला जे दिसत नाही ते काचेला दिसते, याचे कारण तिची नजर आपल्याहून तीक्ष्ण आहे असे नाही. आपला डोळा पाहिलेले लगेच सोडून देतो, काच पाहिलेले साठवत राहते, एवढेच.

तो कॅमेरा माझा नव्हता. वर्गातल्या एका श्रीमंत मित्राचा होता, आणि त्याने तो सुटीपुरता दिला होता, पण त्याच्याबरोबरचे काळे कापड कसरीने खाल्ले होते. काळ्या कापडाखाली डोके घातल्याशिवाय मागच्या दुधी काचेवर चित्र दिसत नाही, हे मी तुला सांगितले. तू उठलीस. आत गेलीस, संक्रांतीला नेसायची तुझी काळी चंद्रकळा बाहेर आणलीस, आणि विळीवर धरून मधोमध फाडलीस. मी ओरडलो तर म्हणालीस, "अर्धी मले पुरते. वाफ्यात काय मिरवायचं हाये?" त्या अर्ध्या चंद्रकळेला पुढे मी आतून लाल अस्तर लावून घेतले. ती आजही माझ्या कॅमेऱ्याबरोबर आहे. वर्षानुवर्षे धुतल्यावर कोणतेही कापड आपला वास सोडते, हे मला ठाऊक आहे, आणि तरीही तिच्याखाली डोके घातले की मी आधी एक श्वास घेतो. तूही त्या संध्याकाळी तिच्याखाली वाकून पाहिलेस, आणि दुधी काचेवर आपले घर पाहून अशी किंचाळलीस की गोठ्यातल्या बैलांनी माना वर केल्या. "अगं माय! घर उलटं टांगलं की रे! चुलीवरचं वरण सांडलं असन!" आणि खरोखरच, वरण सांडले का हे पाहायला स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा नजर टाकलीस, आणि मग स्वतःलाच हसलीस. तुझे ते हसणे मला ऐकू येते.

त्या फोटोचा बेत मी मुंबईहूनच ठरवून आणला होता. नुसत्या रात्री काढलेल्या फोटोत दिवे येतात आणि बाकी सगळे काळे राहते. घर कुठे संपले आणि आभाळ कुठे सुरू झाले हे कळत नाही. त्यावर उपाय असा की एकच काच दोन वेळा उघडायची. सूर्य बुडाल्यावर आभाळात जो निळसर उजेड उरतो, त्यात एकदा थोडा वेळ झाकण काढायचे, म्हणजे घराची कौले, गोठ्याचे छप्पर, मोटेचे पाणी पडते ते विहिरीचे थारोळे यांची फिकट आकृती काचेवर बसते. मग झाकण लावायचे, कॅमेऱ्याला कोणाचा धक्का लागू द्यायचा नाही, पूर्ण काळोख होण्याची वाट पाहायची, आणि दिवे लागले की तीच काच पुन्हा उघडायची. दोन वेळांचा उजेड एकावर एक बसतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की सगळे एकाच क्षणी घडले. पहिले उघडणे मनासारखे झाले. मधल्या काळात मी तिकाटण्यापाशी राखणदारासारखा उभा होतो. बाबा लक्ष्मीची पूजा मांडत होते, तुझी दोन वर्षांची लेक आत झोपली होती, आणि तू दर दिवाळीला करायचीस ते करत होतीस. पहिला दिवा तुळशीला, दुसरा गोठ्याच्या दाराशी, तिसरा उकिरड्यावर, आणि उरलेले विहिरीच्या काठाने. उकिरड्यावर दिवा का, असे मी लहानपणी विचारले होते तेव्हा तू म्हणाली होतीस की मळा त्याच्यावरच पिकतो, मग त्यालाच अंधारात ठेवायचे काय? आपल्याकडे घरोघरी तसा दिवा ठेवतात, पण कारण सांगणारी मी तुझ्याखेरीज कोणी पाहिली नाही.

दिवे लावून झाल्यावर मी तुला थारोळ्याच्या दगडावर बसवले. हातात एक पणती दिली. भिंग मी पहिल्या उघडण्याआधीच, तू तिथे हीच पणती धरली होतीस तेव्हा, तिच्या ज्योतीवर नजर ठेवून पुढे-मागे करून बसवले होते. मावळत्या उजेडात चेहऱ्यावर भिंग नेमके बसत नाही, ज्योतीवर बसते, कारण तिची कड तेवढी स्पष्ट असते. म्हणून मी ज्योतच पाहिली. तू विचारलेस, "मी हालली त काय होईन?" मी म्हणालो, "तू फोटोत येणार नाहीस." तू म्हणालीस, "मंग बरंच हाये. अर्ध्या लुगड्याची बाई कोणाले दाखवतं?" मी झाकण काढले, मित्राचे खिशातले घड्याळ कंदिलाच्या फटीशी धरले, आणि मोजू लागलो. थोडा वेळ सगळे शांत होते. मग तुझा आवाज आला, "उकिरड्याचा इझला रे!" मी ओरडलो, "माय, बस! हलू नको!" आणि पाठोपाठ पैंजणांचा आवाज आणि तुझे बोलणे, "लक्ष्मी काय तुह्या डब्ब्यासाठी थांबन?" तू उठली होतीस. पणती हातात घेऊन विहिरीपासून उकिरड्याकडे चालली होतीस, आणि मी झाकण लावू की नको या विचारात घड्याळाकडे पाहत होतो. झाकण लावले असते तर दिव्यांचे पुरते उजळणे गेले असते. काच एकच उरली होती. म्हणून मी मोजत राहिलो. मध्येच तू थांबून हाक मारलीस, "झालं काय रे? पाह्य ना इकडे!" मी म्हणालो, "थोडं थांब." पुन्हा पैंजण वाजले, उकिरड्याचा दिवा लागला, आणि ठरवलेली वेळ भरल्यावर मी झाकण लावले.

काच धुतली ती मुंबईला, मित्राच्या अंधाऱ्या खोलीत. लाल कंदिलाच्या उजेडात ती हळूहळू काळी होत गेली. काचेवर सगळे उलटे असते, माय. उजेड काळा आणि अंधार पारदर्शक. घर आले, कौले आली, विहिरीच्या काठाचे दिवे काळ्या मण्यांसारखे ओळीने आले. थारोळ्याच्या दगडावर कोणीही नव्हते. मात्र तिथून निघालेली एक बारीक काळी रेघ गोठ्याच्या पुढून उकिरड्यापर्यंत गेली होती. इतका वेळ उघड्या राहिलेल्या काचेवर चालणारे माणूस उमटत नाही, कारण ते कुठेच पुरेसे थांबत नाही. पण त्याच्या हातातली ज्योत जिथून जाते तिथे आपली खूण ठेवून जाते. मित्र म्हणाला, "छान काच वाया गेली." मलाही तसेच वाटले. पुढे तुझे कार्ड आले, गावच्या मास्तरांच्या हातचे, त्यात बाकी खुशाली होती आणि शेवटी एक ओळ होती, फोटोत माझे तोंड आले काय ते कळवणे. मी कळवले की काच बिघडली, पुढल्या दिवाळीला तुझा एकटीचा फोटो काढू, दिवसा, चांगल्या उजेडात. पुढल्या दिवाळीच्या आधी गावोगाव माणसे नेणारा मानमोडीचा ताप आला. आगगाडीचे डबे ओस पडले होते आणि स्टेशनांवर रडणारी माणसे होती. मी आपल्या बाजारगावाहून, मोताळ्याहून, चालत घरी पोहोचलो तेव्हा तुझ्या वाटणीचे वांग्याचे वाफे सुकले होते आणि बाबा ओसरीवर बसून तुझ्या बाजाराच्या पाटीची वीण नीट करत होते. ती पाटी आता कोण डोक्यावर घेणार आहे, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

बाबांनी दोन वर्षांनी दुसरे लग्न केले. तू राग मानू नकोस. लेक लहान होती, मळा होता, आणि नवी आई स्वभावाने चांगली निघाली. रीतीप्रमाणे तिने तुझा, गेलेल्या सवतीचा, टाक गळ्यात घातला. मोताळ्याच्या बाजारातल्या सोनाराने रुप्याच्या पातळ पत्र्यावर साच्याने उठवून दिलेली ती बाई, दोन ठिपके म्हणजे डोळे, एक आडवी रेघ म्हणजे तोंड. गावातल्या सगळ्या सवतींच्या गळ्यात तीच बाई होती, कारण सोनाराकडे साचा एकच होता. तुझी लेक त्या गळ्याशी खेळत वाढली. टाक मुठीत धरून झोपायची. सुटीत मी घरी आलो की मला दाखवायची, "हे पाह्य दादा, माही माय." एकदा, पाच-सहा वर्षांची असताना, तिने टाक नखाने कोरत मला विचारले, "मायचं नाक असंच चपटं होतं काय?" मी म्हणालो, नाही, सरळ होतं. तिने आणखी काही विचारले नाही. मला वाटते, आपल्या भावाकडे बाकीचा चेहरा सुरक्षित ठेवलेला आहे, मागू तेव्हा मिळेल, असे तिने तेव्हाच धरून टाकले.

मागितला तो आता, चौतीस वर्षांची झाल्यावर. लेकीचे लग्न ठरताच ती माझ्याकडे आली आणि फराळाला हात लावायच्या आधी म्हणाली, "दादा, मांडवात चौरंगावर मायचा फोटो ठेवायचा हाये मले. टाक ठेवून भागत नाही. टाकाले तोंड नाही." मी तिला सांगितले की फोटो असा नाही, एक काच आहे, पण तिच्यात माय नाही. ती म्हणाली, "मले ठाऊक हाये. पण तो देवळाजवळचा फोटोवाला नसलेलं माणूस बसवून देते म्हणतात." हे खरे आहे. दर्शनाला आलेल्या लोकांचे फोटो काढणे हा त्याचा धंदा, पण ज्यांच्याकडे मेलेल्या बापाचा फोटो नाही अशांना तो सांगण्यावरून बाप काढून देतो. मी काच पेटीतून काढली, रुमालात गुंडाळली, आणि आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो.

त्याने काच खिडकीशी धरली आणि वाखाणली. "जुनी हाये पण काम पक्कं हाये साहेब. एकाच काचेवर दोनदा, होय ना? कौलं पाहा कशी आली!" मग रेघेवर बोट ठेवले. "हा कचरा काय हाये पण?" मी म्हणालो की कुणीतरी दिवा घेऊन मध्ये गेले. "मंग ही पहिले खरडून टाकतो. मग ह्या दगडावर तुमची माय बसवतो. फक्कड बसवतो, ताई, फिकीर करू नका. नथ पाह्यजे की बिननथीची?" त्याने काच आपल्या उतरत्या मेजावर ठेवली, खालच्या आरशातून उजेड वर घेतला, आणि दाढीच्या पात्यासारखे बारीक पाते कातड्यावर घासू लागला. हे काम कसे होते ते मला माहीत आहे. काचेवरचा काळा भाग पात्याने कणाकणाने तासायचा, की कागदावर तिथे अंधार येतो. मग मऊ शिसपेन्सिलीने हवे तिथे काळे भरायचे, की कागदावर तिथे उजेड येतो. पेन्सिल पुसता येते. तासलेले परत येत नाही. त्याने पाते उचलले तेव्हा मी काच मेजावरून घेतली. जरा जोराने घेतली असावी, कारण तो दचकला. "काचेला पाते लागणार नाही," मी म्हणालो. बहीण माझ्याकडे पाहू लागली. तो म्हणाला, "बरं, मंग छापलेल्या कागदावर रंगानं काढू, हाये काय त्याच्यात! पण साहेब, तोंड तर सांगा. गोल का लांबट? कपाळ केवढं? डोये कसे? तुम्ही सांगत जा, मी काढत जातो."

माय, मी हिशेब तपासणारा माणूस आहे. एखाद्या कागदावरचा आकडा मी महिन्यांनी सांगू शकतो. त्या माणसाने पेन्सिल उचलली, माझी बहीण पदर सावरून पुढे सरकून बसली, आणि मी तुझा चेहरा काढायला आत गेलो, आणि तो तिथे नव्हता. तुझे हात होते, मिरच्या खुडून तिखट झालेले, त्याच हातांनी माझे डोळे पुसायचे नाहीत म्हणून कोपराने पुसणारे. तुझा आवाज होता. तुझी पाठ होती. बाजाराच्या दिवशी मी तुझ्या मागून चालायचो, त्यामुळे पाटीखालची मान, मानेवरचा घाम, एका लयीत पडणाऱ्या टाचा, हे सगळे कालच्यासारखे होते. नाक सरळ होते, एवढे मी बहिणीला तिच्या लहानपणी सांगितले होते म्हणून मला पाठ होते. पण मागच्या बाजूने मी पुढे येऊन तुझ्याकडे पाहू लागलो की दुधी काचेसारखे काहीतरी मध्ये यायचे. मी फोटोवाल्याला म्हणालो, "उद्या येतो." रस्त्यात बहीण म्हणाली, "काऊन सांगतलं नाही तू?" मी म्हणालो, "त्याचा हात बरा नाही." 

त्या रात्री जेवणानंतर मी न्हाणीत सामान मांडले. फोटो मी घरीच छापतो. तुझ्या सुनेने न्हाणीच्या फटींना गोणपाट लावून दिले आहे. बहीण म्हणाली, "मीबी येतो. कसं निघते ते पाह्यचं हाये मले." लाल उजेडात तिला पाटावर बसवले. काच आणि कागद एकावर एक चौकटीत घट्ट बसवायचे, कंदिलासमोर धरायचे, मग कागद रसायनात सोडायचा. पहिला कागद मी सरळ छापला. दिवे छान आले, पण कौले आणि गोठा काळोखात बुडाले. दुसऱ्या वेळी कागद जरा मऊ जातीचा, काळ्या-पांढऱ्यातला भेद कमी करणारा, घेतला, आणि कंदील व चौकट यांच्या मध्ये पंजाची सावली धरून घराचा भाग थोडा राखला, हात सारखा हलता ठेवून, म्हणजे सावलीची कड उमटत नाही. छापताना एवढेच करण्याची मुभा मी स्वतःला देतो. जे काचेवर आहे ते वर आणायचे. जे नाही ते घालायचे नाही. कागद रसायनात सोडला तेव्हा तो पांढरा होता. बहीण वाकून पाहत होती. हळूहळू आभाळ काळवंडले, मग जमीन, मग कौलांच्या ओळी दिसू लागल्या, आणि सगळीकडून अंधार भरत आला तरी मधली एक बारीक रेघ तशीच पांढरी राहिली. तिथे कागदाला काही झालेलेच नव्हते.

"हे काय हाये?" तिने विचारले. मी म्हणालो, "ही माय."  मग तिने, मी नको म्हणायच्या आत, ओल्या कागदावर बोट ठेवले आणि विहिरीपासून रेघ धरून निघाली. "इथून उठली?" "हो. उकिरड्याचा दिवा विझला होता." "सूत धरल्यावानी सरळ चालली." "डोक्यावर पाटी घेऊन बाजारात जायची ना, अंग हलायचं नाही तिचं." "इथं तुटली काऊन?" "वारा आला असेल. ज्योतीवर तळवा धरला, म्हणून इथे उजेड झाकला." तिने आपला तळवा रसायनाच्या तबकावर तसाच धरून पाहिला, जणू तिथेही वारा होता. मग बोट पुढे गेले आणि गोठ्याच्या अलीकडे थांबले. तिथे रेघ एकदम वर चढते, माणसाच्या तोंडाच्या उंचीपर्यंत, आणि एक पसरट उजळ ठिपका होतो, आणि मग खाली उतरून पुन्हा चालू लागते. "आन् इथं? इथं तर थांबली थे. दिवा वर काऊन केला?"

मला ते कळायला बरीच वर्षे लागली होती, माय. मी तुला सांगितले नव्हते की उजेड चेहऱ्यावर पडल्याशिवाय चेहरा येत नाही. ते तुझे तुलाच उमगले होते. तू उठून माझी काच बिघडवलीस हे तुला कळत होते, म्हणून वाटेत थांबून तू दिवा आपल्या तोंडाशी धरलास, फोटोसाठी, माझ्यासाठी, आणि हाक मारलीस. मी बहिणीला तेवढेच सांगितले. "तिने दिवा तोंडाशी धरला आणि मला म्हणाली, पाह्य ना इकडे." बहिणीने मान वर केली. त्या लाल उजेडात तिचे डोळे भरलेले दिसले. "मंग तू पाह्यलंच असन तिच्याकडे."

मी "हो" म्हणालो.

"कशी दिसत होती?"

"चांगली दिसत होती. हसत होती."

तिने त्या ठिपक्यावरचे बोट उचलले. मग पदराने डोळे टिपून म्हणाली, "मंग तोंड राहू दे दादा. त्या फोटोवाल्याकडं नाही जायचं. तुह्या डोयात हाये ना, मले पुरे."

लग्नात चौरंगावर तोच कागद ठेवला, साध्या चौकटीत, हळदकुंकू वाहून. व्याह्यांकडची एक म्हातारी चौकट जवळ घेऊन म्हणाली, "काय व, ह्याच्यात तर कोणीच दिसत नाही. घराले पूजून राह्यल्या काय?" तुझी लेक हसली आणि म्हणाली, "नीट पाहा, मावशी. माही माय दिवा घेऊन चालली." म्हातारीने पुन्हा पाहिले आणि हात जोडले. नवरीनेही वाकून नमस्कार केला. मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो.

लग्नाची माणसे गेल्यावर मी तो ठिपका भिंगाखाली घेऊन पाहिला. तेवढाच भाग मोठा करून भेद ठळक करणाऱ्या कडक जातीच्या कागदावर तीनदा छापला, दर वेळी जास्त वेळ देऊन, म्हणजे ज्योतीचा पसारा दबावा आणि तिच्यामागे काही असले तर वर यावे. तिसऱ्या कागदावर ज्योतीच्या एका बाजूला करड्या रंगाचा एक लांबट भास येतो. तो तुझा गाल असू शकेल. भिंगातला परावर्तित उजेडही असू शकेल. जुन्या भिंगांना ती खोड असते. मला तो गाल हवा आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने मी तो गाल म्हणू शकत नाही. ते तिन्ही कागद मी फाडून टाकले.

काच पुन्हा पेटीत ठेवली आहे, तुझ्या चंद्रकळेत गुंडाळून. हे पत्रही तिच्याखालीच ठेवीन आणि पेटीला कुलूप घालीन. तुझ्या लेकीला मी लिहायला-वाचायला शिकवले आहे, आणि ती दिवाळीला पुन्हा येणार आहे. तू हाक मारलीस तेव्हा मी घड्याळाकडे पाहत होतो, हे तिच्या हाती पडता कामा नये.